वाचकांचे प्रश्न : संगणकाचं घड्याळ चुकतं तेव्हा

प्रश्न : डेस्कटॉप रात्री बंद केला की सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. ब्राउझर जवळपास प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं सांगतो. हाताने वेळ लावली की दिवसभर ठीक चालतं. हा व्हायरस आहे का?

उत्तर : नाही. ‘दिवसभर ठीक चालतं’ यातच उत्तर आहे. मदरबोर्डवरचं (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरचं) घड्याळ नीट चालतंय. वीज नसताना त्याला जिवंत ठेवणारी बटन बॅटरी संपली आहे. वीज तुटली की घड्याळ बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) ठरावीक तारखेवर परत जातं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमची तारीख त्याआधीची असल्यामुळे ब्राउझरला प्रमाणपत्र अवैध वाटतं. ती सूचना डावलून पुढे जाऊ नका, आधी तारीख दुरुस्त करा.

खात्री एका रात्रीत होते. संगणक नेहमीसारखा शट डाउन करा, पण भिंतीवरचं बटण आणि पॉवर सप्लायचं मागचं बटण चालूच ठेवा. बंद डेस्कटॉपलाही पॉवर सप्लायकडून थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. सकाळी तारीख बरोबर दिसली, तर दोष बॅटरीचाच. रोज मेन स्विच बंद करणाऱ्यांची बॅटरी लवकर संपते, तेही याचमुळे.

बॅटरी बहुतेक वेळा सीआर २०३२ असते : ३ व्होल्ट, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ दिसायला तशीच, पण २.५ मिलिमीटर जाड. ती सैल बसते आणि मधूनमधून संपर्क तुटतो. एलआयआर २०३२ ही रिचार्जेबल जात असून तिचा व्होल्टेज जास्त असतो, ती मुळीच लावू नका. मल्टिमीटर असेल तर जुनी मोजून बघा. नवी ३ व्होल्टच्या थोडी वरच असते, २.७ च्या खाली गेलेली बदलावी.

बदलण्याआधी दोन कामं करा, बहुतेकांची अडचण इथेच होते. पहिलं, बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्या. बॅटरी काढल्यावर सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, आणि साटा मोड (डिस्क कशी जोडायची हे ठरवणारी सेटिंग) ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर गेला तर विंडोज सुरूच होत नाही. दुसरं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा.

मग केबल काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. बॅटरीच्या कडेची छोटी क्लिप बाहेर ढकलली की बॅटरी स्वतःच वर उचलली जाते. स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटू नका, सॉकेटची पट्टी वाकते. नवी बॅटरी अधिक खूण वर ठेवून बसवा. पहिल्यांदा सुरू करताना ‘सीमॉस चेकसम एरर’ (जतन केलेल्या सेटिंग पुसल्याची सूचना) दिसेल, ते अपेक्षितच आहे. बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ भरा, फोटो बघून बाकी सेटिंग लावा, सेव्ह करून बाहेर पडा. जुनी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळली गेली तर अन्ननलिकेला जीवघेणी इजा होते.

लॅपटॉपमध्ये हीच बॅटरी प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन वायरी आणि कनेक्टरसह असते. काही मॉडेलमध्ये वेगळी नसतेच, मुख्य बॅटरीच ते काम करते. आधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.

प्रश्न : बॅटरी नवी आहे. सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं तरी वेळ जुळत नाही.

उत्तर : तारीख फारच चुकलेली असेल तर विंडोज ती एका झटक्यात बदलायला नकार देतो, घरगुती संगणकावर मर्यादा साधारणपणे १५ तासांची असते. म्हणून आधी तारीख, वर्ष आणि टाइम झोन हाताने लावा, मग सिंक करा. तरीही नाही झालं तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज टाइम’ सुरू आहे का पाहा. तीही सुरू असेल तर राउटर किंवा फायरवॉल यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कवरची ठरावीक वाट) अडवत असेल, कारण वेळ त्याच वाटेने येते.

महिन्याला मिनिटभर फरक पडत असेल तर तो बिघाड नाही. घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दहा लाखात वीसची चूकही दिवसाला पावणेदोन सेकंद होते. सिंक चालू ठेवलं की पुरे.

प्रश्न : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स आहे. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ काही तासांनी चुकते, दरवेळी तेवढीच.

उत्तर : दरवेळी तेवढीच चूक म्हणजे हिशेबातला फरक, बिघाड नव्हे. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतो, लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जगभरची प्रमाण वेळ. दोघं एकमेकांची वेळ पुसतात. मी विंडोजला यूटीसीवर आणण्याच्या बाजूचा आहे, कारण उन्हाळी वेळेच्या बदलातही ती पद्धत गोंधळत नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगचा साठा) बदलणाऱ्या रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन इथपर्यंत जा. तिथे ३२ बिटची नवी डी-वर्ड नोंद करा. नाव इंग्रजीत, ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ हे चारही शब्द सलग, किंमत १. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. रीस्टार्ट करून दोन्हींत एकेकदा सिंक करा.

प्रश्न : ऑफिसच्या संगणकाचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे आणि लॉगिन नाकारलं जातं.

उत्तर : डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, लॉगिनची तपासणी कर्बेरॉस ही ओळख पडताळण्याची पद्धत करते आणि ती मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. हा संगणक वेळ डोमेन कंट्रोलरकडून (ते जाळं सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) घेतो, त्यामुळे त्याला बाहेरचा टाइम सर्व्हर लावू नका. इतरांचं घड्याळ बरोबर असेल तर दोष याच संगणकात आहे. सगळ्यांनाच सात मिनिटांचा फरक दिसत असेल तर कंट्रोलरचं घड्याळ तपासायला अ‍ॅडमिनला सांगा. तो सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर (दुसऱ्या संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर) असेल तर होस्टकडून, म्हणजे त्या मूळ संगणकाकडून, वेळ घेण्याचा पर्याय बंद आहे का, हे त्यांनी पहिल्यांदा बघावं.