लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचा आणि पंख्याचा आवाज कमी कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसता, लॅपटॉप सात वर्षांचा आहे, हार्ड डिस्क टकटक करते, पंखा घोंघावतो, आजूबाजूचे माना वळवून बघतात आणि नवा घेण्याची आत्ता ऐपत नाही.

मी कॉम्प्युटर क्षेत्रातली नाही. कोथरूडला घरी बसून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. रात्री साडेदहानंतर शेजारचे टीव्ही आणि खालच्या रिक्षा शांत झाल्या की बसते, आणि मग मायक्रोफोनसमोर दोनच आवाज उरतात, माझा आणि लॅपटॉपचा. एकदा इतिहासाचा अख्खा धडा वाचून झाल्यावर परत लावून ऐकला तर शब्दांच्या मागे सतत घूंऽऽ. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या पेटीत भुंगा शिरलाय का?" पुढचं वर्षभर मी त्या भुंग्याच्या मागे होते. खाली जे लिहितेय ते त्यातूनच आलेलं आहे, चुकांसकट.

पहिली गोष्ट फुकटातली. आवाज नेमका कोण करतंय ते ठरवा. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं की-बोर्डच्या एकेका कोपऱ्यावर टेकवा. (हे घरी करा, अभ्यासिकेत नको, तिथे तुमच्याकडे आधीच पुरेसे लोक बघतायत.) हार्ड डिस्कची घूं एकसुरी असते, कारण आतल्या तबकड्या ठरलेल्या वेगानेच फिरतात. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. काही डिस्कमध्ये ७,२००, म्हणजे सेकंदाला १२०. पंख्याचा सूर चढतो-उतरतो आणि त्याच्याबरोबर बाजूच्या जाळीतून गरम वारा येतो. तिसराही एक आवाज असतो, बारीक चींऽऽ, पान वर-खाली सरकवलं की बदलणारा. तो मदरबोर्डवरच्या कॉइलचा. त्याने काही बिघडत नाही आणि त्यावर घरगुती इलाजही नाही, तेव्हा त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता टकटक. तुमच्या प्रश्नात मला हीच जास्त काळजीची वाटली. डिस्क वापरात असताना होणारी करकर, कुरकुर ही हेड, म्हणजे तबकडीवरचा मजकूर वाचणारं-लिहिणारं टोक, इकडून तिकडे पळत असल्याची खूण आहे. ती सतत होत असेल तर बहुतेक वेळा रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, कमी पडतेय. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले की विंडोज जागा पुरत नाही म्हणून रॅममधला मजकूर डिस्कवर टाकत राहतं आणि परत उचलत राहतं. टास्क मॅनेजर उघडून 'मेमरी' आणि 'डिस्क' हे दोन रकाने बघा. दोन्ही नव्वदीच्या पुढे असतील तर डिस्कचा दोष नाही, ती बिचारी हमाली करतेय.

पण लॅपटॉप नुसता पडून असताना दर काही सेकंदांनी एकच 'टक्' येत असेल, तर ती वीज वाचवण्याची सोय. डिस्क रिकामी दिसली की हेड बाजूच्या उतारावर नेऊन ठेवते, काम आलं की परत आणते. प्रत्येक फेरीला एक टक्. लॅपटॉपच्या डिस्कला अशा साधारण ३ ते ६ लाख फेऱ्या झेपतील असं कंपन्या धरतात. हिशोब करून बघा. दर दहा सेकंदांनी एक फेरी म्हणजे तासाला ३६०, रोज दहा तास बसलात तर ३,६००, म्हणजे तीन लाखांचा आकडा तीन महिन्यांच्या आत गाठला जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात 'सी१' या ओळीत हा आकडा दिसतो. आधी 'फंक्शन'च्या यादीतून 'रॉ व्हॅल्यूज' दशमान करून घ्या, नाहीतर आकडे षोडशमान दिसतात आणि माझ्यासारखं उगाच हादरायला होतं. त्याच यादीत एपीएम नावाची, डिस्कची वीज वाचवण्याची सेटिंग आहे. डिस्क ती मानत असेल तर किंमत २५४ करा. हेड जागेवर जाऊन बसणं थांबतं आणि टकटकही. काही डिस्क झोपेतून उठल्यावर हे विसरतात, मग पुन्हा करावं लागतं. लिनक्स वापरत असाल तर हेच काम एचडीपार्म हा प्रोग्राम करतो.

याची एक किंमत आहे. हेड तबकडीच्या वर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असतं. ते बाजूला नसताना धक्का बसला तर तबकडीवर चरा पडू शकतो. तुम्ही दुचाकीवर सॅकमध्ये लॅपटॉप टाकून येत असाल, तर झाकण मिटून तसाच निघायची सवय सोडा. पूर्ण बंद करूनच सॅकमध्ये घाला. आपले स्पीडब्रेकर काय आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको.

टकटक जोरात, ठरावीक तालात आणि त्याबरोबर लॅपटॉप मिनिट-मिनिटभर गोठत असेल, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये '०५' आणि 'सी५' (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) या ओळींत शून्याच्या वर आकडे असतील, तर आवाजाचा विचार सोडा. आजच्या आज नोट्स पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढा. मग बाकीचं वाचा.

हार्ड डिस्कच्या आवाजावर कायमचा उपाय एकच, ती काढून एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर मजकूर साठवणारी डिस्क, बसवणे. आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे आवाज शून्य. रबराच्या पट्ट्या, खाली स्पंज वगैरे मीही करून पाहिलं, थोडा फरक पडतो, पण डिस्कभोवती स्पंज कोंबू नका, ती तापते. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची, साटा प्रकारच्या जोडाची एसएसडी लागते, ७ मिलिमीटर जाडीची. आधीची डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी हलू नये म्हणून सोबतची चौकट लावायची. तुम्हाला २५६ जीबी पुरेल. मला भाच्याने जुनी डिस्क जशीच्या तशी नकलून घ्यायला सांगितलं होतं, मी मात्र नव्याने विंडोज टाकलं आणि त्याचं समाधान आहे, सात वर्षांचा कचरा गेला. मूळ विंडोज अस्सल असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, तेच विंडोज पुन्हा टाकलं की आपोआप ओळखलं जातं. जुनी डिस्क चांगली असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला ठेवा.

पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते एसएसडीला द्या, कारण पंख्याचं निम्मं काम पैशाशिवाय होतं.

पंखा का ओरडतो? कारण आत गरम होतंय. आत गरम का होतंय, याची उत्तरं दोन. एक तर उष्णता बाहेर पडत नाही, नाहीतर गरजेपेक्षा जास्त तयार होते.

बाहेर न पडण्याचं कारण पुण्यात बहुतेक वेळा धूळ. आमच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं तेव्हा खिडकीच्या गजावर रोज बोटाने नाव लिहिता यायचं. ती धूळ पंखा आत ओढतो आणि पंखा व हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्या यांच्या मधे तिचा चक्क नमदा तयार होतो. बाहेरून जाळीत फुंकर मारून तो निघत नाही. मी एका दुकानात 'सर्व्हिसिंग'ला लॅपटॉप दिला होता. पैसे घेतले, बाहेरून चकचकीत पुसून दिला. आवाज तसाच. शेवटी घरी स्वतः मागचं झाकण उघडलं तर तो नमदा अखंड, जसा काही मुरलेल्या दह्यावरचा थर. चिमट्याने एका तुकड्यात उचलला.

उघडणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या त्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वर की-बोर्डला टेंगूळ येतं. झाकण उघडताच सगळ्यात आधी बॅटरीचा जोड काढा. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. हे मला ठाऊक नव्हतं. मी मजेत ब्लोअर लावला, पंखा शिट्टीसारखा किंचाळत फिरला, मला वाटलं वा, काय स्वच्छ झाला. आठवड्याभरात बेअरिंग खडखडायला लागलं. मग तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, खेटे. जुना पंखा सोबत घेऊन गेले होते म्हणून निभावलं, कारण त्याच्या स्टिकरवरचा क्रमांक आणि जोडाच्या पिना जुळल्याशिवाय कुणी देत नाही. तुम्हाला सदाशिव पेठेतून ती गल्ली चालत जाण्यासारखी आहे. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्टिकरखाली सोडायचा उपाय लोक सांगतात. तो चालतो, पण काही आठवडेच. परीक्षा तोंडावर असेल तर तेवढंही पुष्कळ.

सात वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (त्याची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) वाळून खडू झालेली असणार. ती बदलायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची, हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. जिथे मऊ रबरी पॅड असतील तिथे पेस्ट लावायची नाही, पॅडच ठेवायचे. हात थरथरत असेल तर हे काम माहितीतल्या माणसाकडून, समोर बसून करून घ्या. समोर बसून, हे महत्त्वाचं.

उष्णता मुळात कमी तयार करणं हा दुसरा रस्ता, आणि मला तोच जास्त आवडतो. प्रोसेसर जास्त वेगाने पळवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाठ गरमी. माझा प्रोसेसर आय५-८२५०यू आहे, मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बोमध्ये, म्हणजे कामाच्या वेळी आपोआप वाढणाऱ्या वेगात, ३.४ पर्यंत. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे चालू प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. एवढ्या एका टक्क्याने इंटेलचा टर्बो बंद होतो. माझा लॅपटॉप ८५ अंशांवरून सत्तरच्या आत आला आणि पंखा कुजबुजायला लागला. पंख्याचा वेग निम्मा झाला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, त्यामुळे तापमान थोडंसं घटलं तरी कानाला फरक मोठा कळतो. पीडीएफ वाचायला आणि टिपणं काढायला टर्बो लागत नाही. याशिवाय लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत एफएन आणि क्यू दाबून शांत मोड मिळतो, आणि काही एचपी लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'फॅन ऑलवेज ऑन' असतं, ते बंद करायचं.

तुम्ही लेक्चरं यूट्यूबवर बघत असणार, आणि मला खात्री आहे की दुप्पट वेगाने. दुप्पट वेग म्हणजे प्रोसेसरला एका सेकंदात जवळजवळ दुप्पट चित्रं उलगडायची. त्यात यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ प्रकारात पाठवतं, आणि इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या चिपमध्ये ते उलगडणारं वेगळं यंत्रच नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. फळ्यावरचं अक्षर वाचता येईल इतपत, म्हणजे ४८०पीवर व्हिडिओ ठेवा आणि ब्राउझरला एव्ही१ऐवजी एच२६४ हा जुना प्रकार मागायला लावणारं एक्स्टेन्शन घाला. पंखा पहिल्या दहा मिनिटांत खाली येईल.

राहिलं टेबल. अभ्यासिकेतली प्लायवूडची टेबलं म्हणजे तबल्याचीच बहीण, लॅपटॉपची थरथर ती मोठी करून सगळ्या रांगेला ऐकवतात. खाली जाड माउसपॅड किंवा जुन्या स्लिपरच्या रबराचे चार तुकडे ठेवा. तुकडे कोपऱ्यांतच, हवेची जाळी झाकू नका. लॅपटॉपचे मूळ रबरी पाय झिजून पडले असतील तर हेच रबर तिथे चिकटवा, कारण पाय गेले की खालची फट मिटते आणि पंख्याला हवाच मिळत नाही. कूलिंग पॅड घेऊ नका. पंख्याचा आवाज कमी करायला निघालेल्या माणसाने आणखी दोन पंखे विकत आणायचे, हा हिशोब मला कधी कळला नाही.

आज घरी गेल्यावर सुरळी आणि क्रिस्टलडिस्कइन्फो एवढं करा. 'सी१', '०५' आणि 'सी५' चे आकडे आणि लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक इथे खाली लिहा. काही मॉडेलांत डिस्क काढायला नुसती छोटी खिडकी उघडते, काहींत आधी की-बोर्ड उचलावा लागतो. तुमचा कोणता आहे ते बघून सांगते.