आयआरएला 'निमलष्करी' म्हणू नका

प्रश्न : उत्तर आयर्लंडवरच्या एका लेखात 'निमलष्करी संघटनांनी हिंसाचार थांबवल्याचे राजकीय पक्षांनी स्वागत केले' असे वाचले. हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर : साफ चूक आहे, आणि ती सतत कानावर येते. मराठीत निमलष्करी म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सरकारी दले. त्या अर्थाने तिथे शोभले असते ते बी-स्पेशल्स, सरकारचेच राखीव सशस्त्र पोलीस, 1970 मध्ये बरखास्त झालेले. आयआरए (ब्रिटनपासून वेगळे होण्यासाठी लढणारी आयरिश रिपब्लिकन आर्मी) किंवा यूव्हीएफ (ब्रिटनसोबतच राहू पाहणारी अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स) नव्हे.

घोळ मूळ इंग्रजी 'पॅरामिलिटरी'तल्या 'पॅरा'चा आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'बाजूला, शेजारी'; अर्धे नव्हे. आयआरए स्वतःला अर्धे लष्कर कधीच समजत नव्हती. 'ओग्ली ना हेरन' हे तिचे आयरिश नाव आयर्लंडच्या अधिकृत सैन्याचेही आहे!

यावर काही शुद्धिवादी सुचवतात, 'निम' फारसी आहे, ते काढून 'अर्धसैनिक' करा. अर्थाची चूक तशीच ठेवून नुसता शब्द बाटवल्याची ओरड! फारसी 'नीम' आणि संस्कृत 'नेम' ही सख्खी भावंडे, दोघांचाही अर्थ अर्धा. (व्रतातला नेम वेगळा, तो 'नियम'वरून आला.) पाणिनीचे सूत्रच पाहा : 'प्रथमचरमतयाल्पार्धकतिपयनेमाश्च'. अर्ध आणि नेम एकाच ओळीत! मग निमशहरी, निमसरकारी, आपला रोजचा निम्मा, यांना परके कोणत्या तोंडाने म्हणायचे? पाणिनी ज्याला पंगतीत बसवतो त्याला हे उठवायला निघालेत.

राहिले स्वागताचे. ते सगळ्यांनी केलेच नाही. 31 ऑगस्ट 1994 ला आयआरएने 'लष्करी कारवाया' पूर्ण बंद केल्याचे जाहीर केले, तर 'कायमच्या' हा शब्द कुठे आहे, असे ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारने विचारले. 28 जुलै 2005 ला सशस्त्र मोहीमच संपवल्याची घोषणा झाली. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर यांनी ते अभूतपूर्व पाऊल मानले, ब्रिटनवादी डीयूपी पक्षाचे नेते पेस्ली यांचा मात्र विश्वास बसेना. सप्टेंबरमध्ये शस्त्रे निकामी केल्याची ग्वाही त्यावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे प्रमुख जनरल द शास्तलेन यांनी दिली, तरी पेस्ली छायाचित्रे मागत राहिले. पेस्लींच्या लेखी हे निव्वळ दहशतवादी, आयआरएच्या लेखी आपण सैन्य. 'निम' दोघांनाही मान्य झाले नसते. सरळ 'सशस्त्र संघटना' लिहावे.