भिंतीवरची गोधडी, रानातली नक्षी: वाचकांचे प्रश्न

निसर्गचित्राच्या गोधड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. ही कामं भिंतीवर लावायची आहेत, अंगावर घ्यायची नाहीत, असं धरूनच उत्तरं दिली आहेत. रोज धुवायच्या गोधडीला यातलं बरंच लागू होणार नाही.

प्रश्न (सातारा): कासच्या पठाराचा आणि मागच्या डोंगररांगांचा फोटो आहे. त्यावरून ६० × ९० सेंमीची गोधडी करायची आहे. फोटोतले रंग बघून कापड जमवलं, पण मांडल्यावर सगळं सपाट दिसतं. कुठे चुकतंय?

उत्तर: रंग जुळलेत, उजेड-सावली जुळलेली नाही. मूळ फोटो मोबाइलवर काळा-पांढरा करून बघा. मग सगळी कापडं शेजारी शेजारी ठेवून त्यांचाही तसाच फोटो काढा. बहुतेक कापडं एकाच करड्या छटेची निघतील. हिरवा, तपकिरी आणि जांभळा डोळ्यांना वेगळे वाटतात, पण तिघांचा गडदपणा सारखा असला तर डोंगर एकमेकांत मिसळून जातात. आभाळापासून पायथ्यापर्यंत पाच वेगळ्या छटा मिळाल्या की काम भागतं.

लांबची रांग सर्वांत फिकट आणि निळसर ठेवा, जवळची गडद आणि उबदार. नक्षीलाही हाच नियम: मागे साधं किंवा बारीक छापाचं कापड, पुढे ठळक छाप. मागच्या डोंगरावर मोठी बुट्टी आली की तो डोंगर पुढे उडी मारून येतो.

आकार काढताना एक लक्षात ठेवा. सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला आहे, म्हणून त्याचे माथे सपाट आणि कड्यांवर आडवे पट्टे असतात. टोकदार त्रिकोण कापले की तो कुठलाही डोंगर होतो, आपला राहत नाही. विणीतच रेघा असलेली खादी रेघा आडव्या ठेवून वापरली तर कड्याचं निम्मं काम कापडच करतं.

आभाळाचं कापड ७० × १०० सेंमी घ्या, कारण टाके घालताना सगळंच थोडं आक्रसतं. शेवटी मापात कापायचं. लांबून जवळ या क्रमाने रांगा लावा आणि प्रत्येक रांगेची खालची कड पुढच्या रांगेखाली दीड सेंमी जाईल इतकी जास्त ठेवा. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांचं प्रत्येक फूल कापत बसू नका. अगदी पुढची दहा-पंधरा कापडाची करा, त्यामागची गाठीच्या टाक्याची, आणि त्याहीमागे नुसता रंगाचा पट्टा पुरे.

प्रश्न (पुणे): पानं कापून फ्यूजिंगच्या जाळीने (इस्त्रीने वितळून चिकटणाऱ्या, मागे कागद असलेल्या पातळ थराने) चिकटवली. काही ठिकाणी फुगे आले, कडा सुटल्या, आणि शिवताना सुई चिकट होऊन टाके गळायला लागले.

उत्तर: तिन्ही तक्रारी बहुतेक इस्त्रीच्या आहेत. कापड आधी धुऊन खळ काढलेली नसेल तर चिकट धरत नाही. इस्त्री सरकवायची नाही. दाबून ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सेकंद किती ते जाळीच्या पाकिटावर असतात, ते पाळा. जास्त वेळ तापवलं तर चिकट वितळून कापडात मुरतो, आणि मग धरायला काही उरत नाही. जाळीमागचा कागद पूर्ण गार झाल्यावरच सोलायचा.

आकार कागदावर उलटा काढायचा असतो. पिंपळाच्या पानाला हे जाणवत नाही, उडत्या पक्ष्याला मात्र लगेच जाणवतं. मोठ्या पानात चिकट फक्त कडेला एक सेंमी ठेवा आणि मधला भाग कापून काढा. पान मऊ राहील आणि सुईला चिकटही कमी लागेल. सुई ९०/१४ नंबरची घ्या. चिकट झाली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आणि नुसत्या चिकटवर विसंबू नका: प्रत्येक कडेवरून शिवणीची एक फेरी हवीच.

प्रश्न (नागपूर): मशीनवर मोकळ्या हाताने शिवून पळसाचं झाड भरायचा प्रयत्न केला. खाली दोऱ्याचा गोळा होतो, वर बॉबिनच्या म्हणजे खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात, आणि भरलेल्या झाडाभोवती कापड गोळा होऊन कडा लाटांसारख्या झाल्या आहेत.

उत्तर: दोऱ्याच्या गोळ्यापासून सुरुवात करू. रफूचा फूट (कापडावर टेकणारा मशीनचा पाय) कापडाला जेमतेम टेकतो, त्यामुळे फूट खाली करायचा खटका ओढायचा राहून जातो. खटका वर असताना वरच्या दोऱ्याला ताणच नसतो, आणि सगळा दोरा खाली जाऊन बसतो. खटका खाली आहे ना, हे दर वेळी बघा. सुरुवातीला एक टाका घालून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि पहिले तीन-चार टाके दोन्ही दोरे धरून ठेवा. कापड सरकवणारे मशीनचे दाते खाली करा. पायडलच्या जुन्या मशीनला तशी सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा आणि दात्यांवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने बसवा, सुईपुरतं भोक ठेवून.

वर बॉबिनचे ठिपके दिसतात याचा अर्थ वरचा ताण जास्त आहे. अर्ध्या-अर्ध्या आकड्याने कमी करत, त्याच थरांच्या तुकड्यावर तपासत जा. ठिपके फक्त वळणांवर येत असतील तर दोष ताणाचा नाही, हाताचा आहे. वळणावर हात नकळत जोरात फिरतो आणि मशीन मागे पडतं. मशीन थोडं जलद आणि हात संथ, असं जमवलं की टाका दोन-अडीच मिलिमीटरवर स्थिर होतो. जरीचा दोरा तुटत असेल तर मोठ्या नेढ्याची सुई घाला, ताण आणखी उतरवा आणि वेग निम्म्यावर आणा.

आता कापड गोळा होण्याबद्दल. दाट शिवण कापड आत ओढते, यावर इलाज नाही. ती ओढ कुठे पडू द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून पळस पूर्ण गोधडीवर भरू नका. वेगळ्या तुकड्यावर, मागे पेपर-कॅनव्हासचे (कडक अस्तराचे) दोन थर लावून, भरतकामाच्या रिंगणात घट्ट ताणून भरा. आकार आक्रसणार, तेव्हा मूळ रेघेपेक्षा थोडा मोठाच काढा. भरून झालं की कापून घ्या आणि गोधडीवर कडेने बसवा. पळस फुलतो तेव्हा झाडावर पानं जवळपास नसतात. त्यामुळे खोड आणि फांद्या आधी मोकळ्या रेघांनी शिवून घेऊन फुलांचे फक्त झुबके असे वेगळे भरले तरी चालतं, आणि कामही हलकं होतं.

मग वरचं कापड, वॅडिंग (मधला मऊ भरावाचा थर) आणि अस्तर एकत्र करा. अस्तर आणि वॅडिंग चारी बाजूंनी ५ सेंमी मोठं हवं. टाचण्या ८ ते १० सेंमीवर लावा, किंवा तितक्याच अंतराने कच्चे टाके घाला. शिवण मध्यापासून बाहेर न्या. इथे सर्वांत जास्त कामं बिघडतात: झाड दाट शिवलं जातं आणि आभाळ मोकळं सोडलं जातं. दाट भाग आक्रसतो, मोकळा भाग फुगतो, कडा वाकड्या होतात. आभाळातही वाऱ्याच्या लांब रेघा शिवा, जवळपास तितक्याच दाट. आताच्या तुकड्यात झाडाभोवतीचा मोकळा भाग शिवून बघा, लाटा बऱ्याच दबतील. सगळे रंग पक्के असतील तर गोधडी ओलसर करून सपाट फळीवर, दोन्ही कर्ण सारखे येतील अशी टाचून सुकवा. उरलेला वाकडेपणा त्यात निघतो.

प्रश्न (सावंतवाडी): ताजी पानं कापडावर ठेवून हातोडीने ठोकली. ठसे सुंदर हिरवे आले, पण उन्हाळाभर टांगून ठेवल्यावर तपकिरी झाले. तुरटी आधी लावली होती.

उत्तर: ठोकून येतो तो पानातला हरितद्रव्याचा हिरवा, आणि तो उजेडात टिकत नाही. तुरटी त्याला वाचवू शकत नाही. हळद, बीट, जास्वंद यांचीही तीच गत. ज्याला कायम हिरवंच हवं आहे त्याने कापडावर लावायचा तयार रंग (फॅब्रिक पेंट) स्पंजने पानाच्या मागच्या बाजूला लावून पानाचा शिक्का मारावा आणि पूर्ण सुकल्यावर इस्त्रीने पक्का करावा. यात कमीपणा काही नाही. शिरा तितक्याच स्पष्ट येतात.

पानाचाच रंग हवा असेल तर हिरव्याचा हट्ट सोडा आणि टॅनिनच्या (तुरट द्रव्याच्या) पानांकडे वळा: सागाची कोवळी पानं, निलगिरी, पेरू, बाभूळ. पिवळ्यासाठी झेंडूच्या पाकळ्या, तांबूस-पिवळ्यासाठी कांद्याची सालं. १०० ग्रॅम सुती कापडाचा हिशेब असा. चार लिटर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर मंद उकळा. खळ आणि तेलकटपणा गेला नाही तर पुढचं सगळं डागाडागांनी येतं. मग १५ ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजवा. न खळबळता पिळून सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात दोन तास ठेवून हलकं धुवा.

हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, कापडाला नको, पानांना द्या. लिटरभर पाण्यात १ ते २ ग्रॅम विरघळवून पानं त्यात पाच मिनिटं बुडवा आणि टिपून घ्या. लोह टॅनिनला भेटलं की करडी-काळी रेघ उमटते. जास्त हिराकस घातली तर रेघ अधिक काळी येते खरी, पण काही वर्षांनी कापड तिथेच विरतं. हातमोजे घाला, आणि भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

ओलसर कापडावर पानं शिरांची बाजू खाली करून मांडा आणि वर प्लॅस्टिक पसरा, म्हणजे गुंडाळल्यावर ठसा पलीकडे उतरत नाही. काठीवर घट्ट गुंडाळून सुतळीने करकचून बांधा. गुंडाळी सैल राहिली की ठसे धूसर येतात, हे या कामातलं सर्वांत सामान्य अपयश. दीड ते दोन तास वाफवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच सोडा. पहिली धुलाई काही दिवसांनी.

प्रश्न (सोलापूर): खणाचे लाल तुकडे काटेसावरीच्या फुलांसाठी वापरायचे आहेत. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो ना?

उत्तर: नाही. मीठ आणि व्हिनेगर तयार रंगवलेल्या कापडाचा रंग पक्का करत नाहीत. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात ठेवा आणि इस्त्री फिरवा. डाग पडला तर ते कापड ज्या कामाला पुढे कधीच पाणी लागणार नाही तिथेच वापरा. खणाच्या कडा फार उसवतात, म्हणून कापण्याआधी मागे पेपर-कॅनव्हास लावा.

प्रश्न (बेळगाव): मशीन नाही. हाताच्या धावदोऱ्याने पाणी आणि वारा दाखवता येईल का? उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात त्या कवंदीसारखं (तुकड्यांच्या गोधडीसारखं) काही?

उत्तर: हाताचा धावदोरा यासाठी मशीनपेक्षा सरस आहे, कारण त्याने कापडावर बारीक उठाव येतो. जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर घ्या. मऊ असतात आणि सुई सहज जाते. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर, लांबी हातभर. त्याहून लांब घेतला की गाठी पडतात. ओळींमध्ये ६ ते ८ मिलिमीटर. पाण्याला आडव्या, किंचित डोलणाऱ्या ओळी. दगड आला की त्याच्या कडेला समांतर वळसे घालत जायचं, प्रवाह आपोआप दिसतो.

कवंदीत शिवण कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी वळत मध्यावर येते. तुकडे दुमडून, एकावर एक चढवत जातात, आणि कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांचे ‘फुला’ लावतात. तळं, घरटं, झाडाच्या खोडाची वर्तुळं यांना ही रीत फार शोभते. डोंगररांगांना नाही. फक्त मध्याकडे येताना कापड फुगत तर नाही ना, हे दर दोन-तीन फेऱ्यांनी हाताने सपाट करून बघत राहा. फुगवटा शेवटी जिरवायला जागाच उरत नाही.

प्रश्न (मुंबई): टांगायची कशी, आणि पावसाळ्यात बुरशीचं काय?

उत्तर: कडेला गोट लावण्याऐवजी ६ सेंमी पट्टी पुढून शिवून पूर्ण मागे वळवली तर चित्राला चौकट बसत नाही. मागे वरच्या कडेला २२ सेंमी रुंद कापडाची नळी करा, तयार रुंदी सुमारे १० सेंमी. ती फक्त अस्तराला हाताने शिवा, आणि भिंतीकडची बाजू थोडी सैल ठेवा, म्हणजे काठी घातल्यावर पुढे फुगवटा येत नाही. काठी चपटी आणि पॉलिश केलेली हवी. कच्च्या लाकडाचे डाग कापडात उतरतात.

बाहेरची, ओल धरणारी भिंत टाळा. खालच्या कोपऱ्यांत मागून फेल्टचे तुकडे लावून भिंतीपासून अंतर ठेवा. थेट ऊन नको. पावसाळ्यात काढून ठेवायची तर घडी न घालता चित्र बाहेर ठेवून गुंडाळा आणि धुतलेल्या मांजरपाटात बांधा. प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. कोरड्या हवेत नेऊन पूर्ण वाळवा, मग नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने घराबाहेर झटका.