खाऱ्या वाऱ्यातलं पॅनेल

चिरंजीव पोरीस अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याजवळच्या बर्फाच्या कारखान्याचं काम तुझ्या एकटीच्या हाती आलं हे कळलं आणि फार बरं वाटलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीमुळे यांत्रिक होड्या बंदरात, तेव्हा बर्फाला गिऱ्हाईक जेमतेम. तेवढ्या दोन महिन्यांत जुनं रिले पॅनेल उतरवून पीएलसी, म्हणजे मोटरी प्रोग्रामने चालवणारा छोटा संगणक, बसवायचा आणि होड्या निघायच्या आत बर्फ सुरू करायचा. तुझा प्रोग्राम मी वाचला. नीट लिहिलायस. पण तो लिहिला आहेस खोलीत बसून आणि चालायचा आहे खाऱ्या वाऱ्यात. म्हणून हे पत्र.

आधी पॅनेलचं. ते भिंतीवर चढेल त्या दिवसापासून आतला हीटर चालू राहिला पाहिजे. आपल्याकडे पॅनेलं कामाच्या दिवसांत कमी आणि बंद हंगामात जास्त मरतात. कारखाना बंद म्हणून कुणीतरी मेन स्विच पाडतो, हीटर त्याच मेनवर असतो, तोही गार पडतो. मग जुलैभर पॅनेलच्या आत दव धरतं. कार्डांवर आणि टर्मिनलांवर बसलेलं मीठ ती ओल ओढून घेतं आणि जिथून करंट जायला नको तिथून जायला लागतो. म्हणून हीटरला मेनच्या आधून वेगळा एमसीबी (छोटा ब्रेकर) दे आणि दारावर ठळक लिही, की मेन बंद असला तरी आत वीज आहे. ही पाटी विसरू नकोस, उद्या तिथे दुसऱ्या कुणाचा हात जाणार आहे.

केबली खालून घे, वरून नको. ग्लँडच्या, म्हणजे केबल पॅनेलात शिरते त्या बुचाच्या, आधी केबलीला खाली झोल ठेव, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल. ग्लँडची रिकामी भोकं बंद कर, उबेला पाली येतात आणि कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटरीच्या मोठ्या स्विचवर, चिकटून मरतात. प्रत्येक तारेच्या टोकाला फेरूल, म्हणजे धातूची टोपी, लाव, पकडीने दाबून क्रिम्प कर आणि ओढून बघ. नुसती पिळलेली उघडी तार टर्मिनलात दाबलीस तर दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडेल.

अर्थिंगबद्दल मला काळजी आहे. आपला जांभ्याचा सडा करंट सहज जमिनीत सोडत नाही. आता पावसात मोजशील तर आकडा छान येईल, त्यावर विसंबू नकोस. खड्डा एवढा सुधारून घे, की मे महिन्यात कातळ तापलेला असतानाही तो पुरेल. वळवाच्या विजा कडाडतात त्याच दिवसांत, आणि तो झटका जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर मागे अर्थिंग चांगलं असेल तरच कामाचा.

आणि मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासायचं यंत्र. तुझ्या वयाचा असताना मी एका कारखान्यात केबलीचं इन्सुलेशन तपासायला 500 व्होल्टचा मेगर लावला. केबलीचं दुसरं टोक पीएलसीच्या इनपुट कार्डाला जोडलेलं होतं, ते मी काढलं नव्हतं. 24 व्होल्टचं 16 इनपुटांचं कार्ड जागच्या जागी गेलं आणि नवं येईपर्यंत काम बंद राहिलं. मेगर लावायच्या आधी कार्डाचा टर्मिनल ब्लॉक उपटून काढ आणि तो हातात धरून मग पुढचं काम कर.

आता जे सांगायला मी मुख्यतः बसलोय ते. तुझ्या प्रोग्राममध्ये अॅजिटेटरच्या (मिठाचं पाणी ढवळणाऱ्या पंख्याच्या) मोटरीच्या रंगमध्ये (प्रोग्रामच्या शिडीतल्या पायरीत) स्टॉप बटणासाठी तू बंद कॉन्टॅक्ट टाकला आहेस, तिरप्या रेघेचा. बटण एनसी, म्हणजे न दाबता जोडलेलं, आहे म्हणून प्रोग्राममध्येही एनसी, असं तुला वाटलं असणार. पण बघ. एनसी बटण कुणी दाबलेलं नसतं तेव्हा 24 व्होल्ट इनपुटवर पोचतात, इनपुटचा दिवा लागलेला असतो, बिट 1 असतं. तिरप्या रेघेचा कॉन्टॅक्ट त्या 1 ला उघडतो. म्हणजे मोटर सुरूच होणार नाही. मग साइटवर घाईत कुणीतरी उपाय काढतो: बटणाची तार एनओवर, म्हणजे दाबल्यावरच जोडणाऱ्या टोकावर, हलवतो. मोटर सुरू होते, बटण दाबलं की थांबतेही, सगळे खूश. पुढे कधीतरी ती तार गंजून तुटते. तुटल्याचं कुणालाच कळत नाही, कारण मोटर चालूच असते. ज्या दिवशी कुणाचा हात अडकेल, त्या दिवशी बटण दाबून काही होणार नाही.

म्हणून तार एनसीवरच ठेव आणि प्रोग्राममध्ये साधा, उघडा कॉन्टॅक्ट टाक. तार तुटली की बिट 0 होईल आणि मोटर थांबेल. खारा वारा कुठली ना कुठली तार तोडणारच आहे. ती तुटल्यावर काय होईल हे आज तू ठरवायचं आहेस.

ब्राइनच्या, म्हणजे डब्यांभोवतीच्या गार मिठाच्या पाण्याच्या, तापमानाचंही तेच. तापमान करंटमध्ये सांगणारा तुझा ट्रान्समीटर उणे 20 ते अधिक 20 अंशांचा आहे, 4 ते 20 मिलीअँपिअर. एका मिलीअँपिअरला अडीच अंश, म्हणजे ब्राइन उणे 10 ला असताना 8 मिलीअँपिअर दिसायला हवेत. तार तुटली तर 0 येतात आणि तुझं स्केलिंग त्याचे उणे 30 करतं. प्रोग्रामला वाटतं ब्राइन पुरेसं गार आहे, तो कॉम्प्रेसर बंद करतो आणि रात्रभर डब्यांतला बर्फ पाणी होत राहतो. 3.6 मिलीअँपिअरच्या खाली आलं की ते तापमान मानू नकोस. त्याला बिघाड म्हण आणि भोंगा वाजव. सिग्नल 4 पासून सुरू होतो तो याचसाठी.

इमर्जन्सी स्टॉप आणि कॉम्प्रेसरचा हाय प्रेशर कटआउट (दाब फार वाढला की तोडणारा स्विच) मात्र प्रोग्रामवर सोडू नकोस. दोन्ही थेट तारेने कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज तोडतील. पीएलसीला फक्त एका इनपुटवर खबर जाईल. अमोनियाच्या कारखान्यात यात सूट नाही.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर, 24 व्होल्ट डीसी सोलेनॉइडवर उलटा डायोड, ड्राइव्हच्या केबली सिग्नलपासून लांब, विजेचे झटके आवरायचं हे सगळं तुला येतं.

मोटरींचं सगळं लॅडरमध्येच, म्हणजे शिडीसारख्या चित्रातच, ठेव. तुला स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, म्हणजे ओळींत लिहिलेला प्रोग्राम, आवडतं हे मला माहीत आहे, हिशेबासाठी खुशाल वापर. पण 1969 मध्ये मोडिकॉन 084 हा पहिल्या पीएलसींपैकी एक आला तो रिले पॅनेलांच्या जागी, आणि रिलेची ड्रॉइंगं वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून लॅडर तशी दिसते. त्या कारखान्यातले रात्रपाळीचे इलेक्ट्रिशियन काका तीस वर्षं त्याच ड्रॉइंगांवर जगले आहेत. प्रत्येक रंगवर चार शब्द लिही, त्यांना पाटी वाचल्यासारखी वाचता येईल. एका आउटपुटची कॉइल दोन ठिकाणी लिहू नकोस. स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीत, शेवटची जिंकते आणि शोधताना डोळे फुटतात. प्रोग्रामची एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी तुझ्या घरी.

कार्डं रेलवर चढव, तारा ओढ, पण मी येईपर्यंत वीज देऊ नकोस. मंगळवारी सकाळच्या एसटीने मी येतोय. तू पॅनेलपाशी मल्टिमीटर घेऊन उभी राहा, मी एकेक बटण दाबतो आणि एकेक तार सोडवतो, तू कुठला दिवा विझला ते सांग. सगळे दिवे बरोबर विझले की मग सुरू करू.

तुझे काका