वडिलांच्या किडनीचा जीन बिघडला, मग माझं काय?

प्रश्न : डॉक्टर, राजारामपुरीतनं लिहितोय. वडिलांची किडनी कॅन्सरमुळं काढली, रिपोर्टात 'क्लिअर सेल' (किडनी कॅन्सरचा एक प्रकार) आणि गाठीत व्हीएचएल जीन बिघडलाय असं लिहिलंय. हे मला न् माझ्या पोराला पण होणार काय ओ?

उत्तर : लगेच घाबरू नका. व्हीएचएल हा ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारा जीन, गाडीचा ब्रेकच समजा, तिसऱ्या क्रोमोसोमवर असतो आणि त्याच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडनं एक बापाकडनं, दोन्ही गेल्या की मग गाडी सुटते. याचं प्रोटीन एचआयएफ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला मोडीत काढतं, हे मोडणं थांबलं की एचआयएफ साठतं, पेशीला वाटतं ऑक्सिजनच संपला (पन्हाळा पळत चढल्यावर आपल्याला वाटतं तसं) आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते, गाठीला फुकटचा खुराक! पेशी ऑक्सिजन कसा ओळखते हे शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

बहुतेक पेशंटमध्ये हा बिघाड फक्त गाठीत असतो, वारशानं येत नाही. पण दोन्ही किडनीत गाठी, किंवा घरात कुणाला डोळ्याच्या पडद्यात नाहीतर मेंदूत रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर रक्ताची जेनेटिक टेस्ट करा. वडिलांचं वय लिहिलंच नाही तुम्ही, कमी वयात झालं असेल तरी टेस्ट लागेल, तेवढं कळवा.