शैक्षणिक कर्ज घ्यावे की नाही, हे विद्यार्थी नेमके कसे ठरवतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, अभियांत्रिकीला प्रवेश घेणारे तुमचे मित्र शैक्षणिक कर्ज काढत आहेत, वडील मात्र "कर्ज नको, वेळ पडली तर जमिनीचा तुकडा विकू" म्हणतात. अशा वेळी इतर विद्यार्थी कशाच्या आधारावर ठरवतात आणि तुम्ही कशाच्या आधारावर ठरवावे. मी कोल्हापुरात बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे. प्रवेशाच्या हंगामात करवीर, कागल, राधानगरीपासून थेट चंदगडपर्यंतची मुले आपापल्या पालकांसह माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

खरे सांगायचे तर बहुतेक विद्यार्थी कर्जाचा निर्णय घेतच नाहीत. ते कॉलेजचा निर्णय घेतात आणि कर्ज त्याच्या मागोमाग येते. कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत, जागा लागली की ती पक्की करण्यासाठी मोजके दिवस मिळतात. त्या धावपळीत फीच्या आकड्यातून घरातली शिल्लक वजा केली जाते आणि जे उरेल ती कर्जाची रक्कम ठरते. कोणत्या कॉलेजचा पर्याय कितव्या क्रमांकावर भरायचा हे ठरवताना "याचा हप्ता किती बसेल" हा विचार झालेला असतो, असे मला क्वचितच आढळले. पर्याय भरताना कॉलेजचे नाव, शाखा आणि मित्र कुठे चालले आहेत एवढेच पाहिले जाते.

टेबलासमोरचे नेहमीचे दृश्य सांगतो. वडिलांच्या हातात कापड दुकानाची पिशवी, तिच्यात सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, मुलाची गुणपत्रिका आणि कॉलेजचे फीचे पत्रक. मी मुलाला विचारत असे, "चार वर्षांचा एकूण खर्च किती?" उत्तर वडील देत, आणि तेही पहिल्या वर्षाच्या फीचे. मग मी पुन्हा मुलालाच विचारत असे, "नोकरी लागल्यावर महिन्याला किती भरावे लागतील?" त्यावर दोघेही माझ्याकडे पाहत. वास्तविक हे कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असते आणि पालक सहकर्जदार असतात. ज्याने पुढे दहा-पंधरा वर्षे फेडायचे, त्याच्यासमोर हा आकडा सही करण्यापूर्वी एकदाही आलेला नसतो. ही गोष्ट मला आजही फार अस्वस्थ करते, कारण अठरा वर्षांच्या मुलाला हे गणित जमणार नाही असे त्यात काहीच नाही. बारावीला त्याने याहून अवघड गणिते सोडवलेली असतात.

ते गणित इथे मांडतो. समजा, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख रुपये उचलले आणि व्याजदर सरासरी १० टक्के धरला. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, परंतु व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून सुरू होते. या काळात ते सरळव्याजाने आकारले जाते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार आणि चौथ्यावर ३० हजार असे मिळून २ लाख १० हजार रुपये व्याज होते, आणि ते न भरल्यास मुद्दलात मिळवले जाते. म्हणजे हप्ते सुरू होतात तेव्हा देणे ६ लाखांचे नसून ८ लाख १० हजारांचे असते. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १०,७०० रुपये बसतो. पंधरा वर्षांची घेतली तर तो सुमारे ८,७०० पर्यंत खाली येतो, पण त्या दोन हजारांच्या दिलाशासाठी एकूण पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम जास्त भरावी लागते. हेच व्याज शिकत असतानाच दरमहा भरत गेलात, तर दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता ८,००० रुपयांच्या आत राहतो. पहिल्या वर्षी ही रक्कम महिन्याला १,२५० रुपये असते आणि चौथ्या वर्षापर्यंत ती वाढत ५,००० वर जाते. आपल्याकडे उसाचे पैसे हंगामाने येतात, पण दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी होते. घरी दोन जनावरे असतील तर निदान पहिल्या दोन वर्षांचे व्याज त्यातून निघू शकते, आणि निघत असेल तर ते अवश्य भरावे.

आता हा हप्ता कशाशी ताडून पाहायचा? कॉलेजच्या माहितीपत्रकातील सर्वांत मोठ्या पॅकेजशी तर मुळीच नाही. त्याच शाखेतून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या, मध्यम गुणांच्या तीन-चार मुलांना गाठा आणि हातात प्रत्यक्ष किती पगार येतो ते विचारा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलेला मुलगा आणि पुण्यात खोलीचे भाडे देऊन राहणारा मुलगा, या दोघांच्या हातात महिनाअखेरीस काय उरते हेही विचारा, कारण पुण्यातला पगार मोठा दिसला तरी खोली आणि मेस त्यातला बराच भाग खाते. माझ्या मते हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असावा आणि तिसऱ्या हिश्शाच्या पुढे कदापि जाऊ नये. तो त्यापुढे जात असेल तर कर्ज कमी करावे, आणि ते कमी होत नसेल तर कॉलेजचा पर्याय बदलावा. म्हणूनच हे गणित पर्याय भरण्याआधी करायचे असते. जागा पक्की झाल्यानंतर ते केवळ समजून घेण्यापुरते उरते.

कर्जाच्या आधी शिष्यवृत्तीकडे पाहावे. कॅपमधून प्रवेश मिळाला असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते. मॅनेजमेंट कोट्यातील प्रवेशाला ती मिळत नाही, आणि अनेक घरे नेमका हाच फरक लक्षात न घेता कोट्याची जागा घेऊन बसतात. आरक्षित प्रवर्गांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर स्वतःची पात्रता स्वतः तपासा. राखीव प्रवर्गाचे किंवा उत्पन्नाचे दाखले तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मुलासाठी कर्ज काढणारे घर मुलीला मात्र "जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. कर" असे सांगते, हे मी वारंवार पाहिले आहे. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यांच्यासाठी प्रश्न बहुतांशी राहण्या-जेवण्याच्या खर्चापुरता उरतो. तुमच्या घरात बहीण असेल तर तिच्या वेळी हा विचार झालाच पाहिजे. या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे उभी करण्यास हातभार लावला, तो याच जाणिवेने की फी माफ झाली तरी राहायला आणि जेवायला ठिकाण नसेल तर खेड्यातले मूल शिकू शकत नाही. आजही कर्जाच्या रकमेत राहण्या-जेवण्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे रोज एसटीच्या पासावर येता येण्याजोगे कॉलेज असेल, तर कर्ज किती घटते ते जरूर मांडून पाहावे.

आता तुमच्या वडिलांच्या म्हणण्याविषयी. कर्जाला भिऊन जमीन विकणे हे मला जास्त घेतलेल्या कर्जाइतकेच नुकसानीचे वाटते, आणि ही दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. विकलेला तुकडा नोकरीच्या पगारातून परत घेता येत नाही. काही घरे बँकेचे कर्ज टाळतात आणि मग सोने गहाण ठेवतात किंवा गावातल्या सावकाराकडे जातात. तिथे पैसे लगेच हाती येतात, पण शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबायची सवलत नसते आणि सावकाराचा दर बँकेच्या कितीतरी पट असतो. वडिलांच्या नकारामागे बहुधा हा समज असेल की शैक्षणिक कर्जासाठी जमीन तारण द्यावी लागते. बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितले जात नाही. कुटुंबाचे उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल आणि संस्था व अभ्यासक्रम पात्र असतील, तर हप्ते सुरू होईपर्यंतचे व्याज केंद्र सरकार भरते, म्हणजे वरच्या गणितातले ते २ लाख १० हजार डोक्यावर येत नाहीत. मात्र शिक्षण मध्येच सोडले तर हा लाभ जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. तुमचे कॉलेज त्या यादीत आहे का, ते पर्याय भरण्याआधीच पाहून घ्या.

अडचण खरोखर येते ती वेगळ्याच ठिकाणी. सोसायटीचे पीककर्ज किंवा गाडीचे हप्ते थकलेले असतील, तर सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिल (आधीची कर्जे कशी फेडली ते दाखवणारा गुणांक) तपासताना अर्ज तिथेच अडकतो आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. म्हणून बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता, थकबाकी असेल तर ती याच हंगामाच्या ऊसबिलातून भरून टाका आणि बेबाकीचा दाखला घ्या. मग चार वर्षांचा पूर्ण खर्च, मिळू शकणारी शिष्यवृत्ती आणि उरलेल्या रकमेचा हप्ता एका कागदावर स्वतः लिहा आणि वडिलांना सोबत घेऊन शाखेत जा. जमीन तारण लागते का, हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्याला वडिलांनाच विचारू द्या.