दिवाळीची खरेदी: ‘भाऊबीज झाली की बघू’ म्हणू नका

वसुबारस जवळ आली की पत्रं वाढतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून नावं गाळून सगळ्यांना एकत्र उत्तरं देत आहे.

जुना सोफा विकायला काढलाय. घेणारा म्हणतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. टाकू का? (नाशिक)

नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

एटीएममध्ये कुणी धमकावलं तर पिन उलटा टाकायचा, पोलीस येतात म्हणे. खरं का? (परभणी)

साफ खोटं. हा मेसेज पुढे पाठवू नका.

काही मागवलेलं नसताना पार्सलवाल्याचा फोन येतो, ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा’ म्हणतो. (ठाणे)

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, तो कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. डिलिव्हरीचा ओटीपी वस्तू हातात पडल्यावरच द्यायचा. न मागवलेल्या पार्सलचे पैसे देऊ नका. ऑर्डर आहे की नाही हे स्वतःच्या ॲपमध्ये बघा, त्याने पाठवलेल्या लिंकवर नव्हे.

‘पत्ता सापडत नाही, *२१* लावून हा नंबर फिरवा’ असं सांगितलं तर फोन ठेवून द्या. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि त्यांच्यासोबत कॉलवर ऐकवला जाणारा व्हॉट्सॲपचा कोडही. चुकून फिरवला असेल तर ##००२# फिरवा आणि मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन कॉल वळणं बंद झाल्याची खात्री करून घ्या.

सोशल मीडियावर पैठणी ८० टक्के सवलतीत आहे, ‘फक्त १० मिनिटं शिल्लक’ असं दाखवतात. घ्यावी का? (सोलापूर)

पान पुन्हा उघडून बघा, तीच १० मिनिटं परत सुरू होतात. अशी खोटी घाई लावणं केंद्र सरकारच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुचित प्रकारांत मोडतं. ऑनलाइन विकणाऱ्याने कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर द्यायलाच हवं, तसा २०२०चा नियम आहे. ते नसेल आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागत असतील तर सोडून द्या. पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. तरीही फोटोवर एवढी मोठी रक्कम लावू नका, जाणकाराला प्रत्यक्ष दाखवून घ्या. फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सराफ म्हणतात ‘केडीएम आहे, हॉलमार्कची गरज नाही’. (सांगली)

केडीएम हा डाग देण्याचा, म्हणजे सांधण्याचा प्रकार आहे, शुद्धतेची खूण नव्हे. दागिन्यावर भिंगातून हॉलमार्कच्या तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका आणि दागिन्याचा प्रकार जुळतो का ते पाहा. हातात बांगडी आणि ॲपमध्ये अंगठी दिसत असेल तर घेऊ नका. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. पक्क्या बिलावर वजन, शुद्धता, घडणावळ आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या सोन्याची तक्रार उभी करणं फार अवघड जातं. शंका असेल तर बीआयएसमान्य केंद्रात तपासून घ्या.

फ्रिजचा परतावा मिळेना म्हणून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. त्यांनी एक ॲप टाकायला लावलं आणि काल संध्याकाळी ४२,००० रुपये गेले. घरी सांगितलेलं नाही. बँकेला सुट्टी आहे, भाऊबीज झाली की जाईन. चालेल ना? (इचलकरंजी)

नाही चालणार. ताई, पुढचं वाचण्याआधी १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीची ही हेल्पलाइन सणासुदीलाही चालू असते.

गेलेले पैसे एका खात्यात पडून राहत नाहीत. काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून निघतात. १९३० वर नोंद झाली की पैसे जिथे पोचले त्या बँकेला निरोप जातो आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. निघून गेली असेल तर पुढच्या बँकेला. म्हणजे ही शर्यत आहे, आणि ‘भाऊबीज झाली की’ या एका वाक्याने ती हरली जाते.

फोन लागेपर्यंत कागदावर लिहून घ्या: खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि १२ अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. लाइन लागत नसेल तर लावत राहा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला त्याच वेळी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरू दे. घरी सांगायचं ते यासाठीही. तुमच्या मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि ते ॲप काढा. त्यातून तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसत होता, पिनसुद्धा. म्हणून पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. चॅट आणि कॉलची यादी मात्र पुसू नका, तो पुरावा आहे. मग बँकेच्या २४ तास चालणाऱ्या क्रमांकावर खातं रोखायला सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

‘तीन दिवसांत कळवलं तरी चालतं’ असं पुष्कळ जण सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकातले तीन कामकाजाचे दिवस आहेत ते चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा प्रकरणांत भरपाई ठरवण्यासाठी. ती थांबण्याची मुभा नाही. ग्राहकाच्या हातून माहिती गेली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमचं प्रकरण कशात बसतं हे बँकेकडून लेखी घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याआधी सायबर पोलीस ठाण्यात किंवा वकिलाला कागद दाखवा. ‘१० टक्के द्या, पैसे सोडवून आणतो’ म्हणणारा भेटेलच, तो दुसरा चोर. आणि लाज वाटून घेऊ नका. शिकलेसवरलेले लोक रोज असेच फसतात.

तुळशीबागेत गर्दीत फोन गेला तर आधी काय करायचं? (पुणे)

आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा, मग पोलीस तक्रार. तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा क्रमांक, टाकून हँडसेट रोखता येतो. तो क्रमांक *#०६# फिरवून आजच वहीत लिहून ठेवा. सिम आधी का, तर चोर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी घेतो. त्या ओटीपीसोबत डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख टाकून यूपीआयचा पिन नव्याने लावता येतो. अनेक जण कार्ड फोनच्या कव्हरमागेच खोचतात, म्हणजे दोन्ही एकाच हातात पडतात. कार्ड वेगळं ठेवा. सिमलाही पिन लावता येतो, पण तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीचा पीयूके कोड लागतो, म्हणून तो कंपनीच्या गॅलरीत विचारून लावा.